कापडावर सांडलेलं मेण: घरच्या घरी कसं काढायचं

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इंदूरमधल्या सुदामानगरच्या घराची बेल वाजली की मी आधी इस्त्री कुठे ठेवली आहे ते आठवते. दारात शेजारच्या कुणीतरी वहिनी उभ्या असतात, हातात घडी केलेली चादर किंवा टेबलक्लॉथ. "काकू, पणती कलंडली हो रात्री. गरम पाण्यात टाकू का?" मी म्हणते, "नको. आधी आत या, चादर मला दाखवा."

हल्ली तेलाच्या पणत्यांच्या जोडीला मेण भरलेल्या रंगीत पणत्या घरोघरी असतात. वाढदिवसाच्या मेणबत्त्या, तरंगते दिवे, सुगंधी मेणबत्त्यांचे काचेचे पेले हे तर बारा महिने. मेण सांडतं ते बहुधा आपल्या आवडत्या कापडावरच, कारण सणाला आपण चांगलं तेच काढून अंथरतो. तरी मेणाचा डाग हा घरात पडणाऱ्या डागांमधला त्यातल्या त्यात सरळ डाग आहे. हळदीसारखा किंवा डाळिंबासारखा तो धाग्याला रंगवून बसत नाही, धाग्याभोवती नुसता गोठलेला असतो. क्रम चुकला नाही तर बहुतेक वेळा पूर्ण निघतो.

क्रम चुकला की काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. २००२-०३च्या सुमारास मध्य प्रदेशात वीजकपात रोजची झाली होती आणि इंदुरात संध्याकाळी घरोघरी मेणबत्त्या लागायच्या. अशाच एका संध्याकाळी माझ्या आईच्या निमरेशमी माहेश्वरी साडीच्या पदरावर आठाण्याएवढा थेंब पडला. मी घाबरून तो ओल्या फडक्याने पुसला, मग पदर कढत पाण्याच्या बादलीत बुडवला. बाहेर काढला तेव्हा आठाण्याचा डाग तळहाताएवढा झाला होता. मेण वितळलं, पण त्याला कापडाबाहेर जायला जागाच नव्हती, म्हणून ते कापडातच पसरलं.

## मेण पाण्याला का जुमानत नाही

बाजारातल्या बहुतेक साध्या मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात. पॅराफिन हे खनिज तेलातून निघणारं मेण. पाण्यात ते विरघळत नाही आणि नुसत्या साबणानेही सहज सुटत नाही. तूप-तेल सोड्याशी संयोग पावून त्याचा साबण होतो, पॅराफिनचा होत नाही. म्हणून थंड पाण्यात कितीही घासलं तरी ते तसंच राहतं आणि आपण धागे मात्र विस्कटवून ठेवतो.

ते ऐकतं फक्त तापमानाचं. मेणबत्तीचं पॅराफिन साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना. सोयाबीनचं मेण, जे सुगंधी मेणबत्त्यांच्या पेल्यांत बरंच वापरतात, त्याहून मऊ असतं आणि लवकर वितळतं. हे आकडे लक्षात ठेवण्याचं कारण एवढंच की मेण वितळवायला फार उष्णता लागत नाही. इस्त्रीचा सगळ्यात मंद टप्पासुद्धा पुरून उरतो. कापड जळतं ते आपण उगाच इस्त्री तापवतो म्हणून.

हे काम रोज करणारे कारागीर आपल्यापासून तासा-दीड तासावर आहेत. उज्जैनजवळच्या भेरूगढला बाटिक छपाई होते. तिथे कापडावर मेण मुद्दाम लावतात, म्हणजे त्या भागावर रंग चढत नाही, आणि रंगवून झालं की कापड उकळत्या पाण्यात घालून तेच मेण काढून टाकतात. मेण पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे सुटलं की वर तरंगतं आणि काढून घेता येतं. उकळत्या पाण्यात मेण निघतं आणि माझ्या बादलीत पसरलं, याचं कारण इथेच आहे. कढत पाणी बादलीत ओतल्यावर मिनिटामिनिटाला निवत जातं, आणि पाणी निवलं की मेण पुन्हा जवळच्या धाग्यावर जाऊन बसतं. जाता जाता, तुमचा नवा बाटिकचा कुर्ता कडक आणि किंचित चिकट लागत असेल तर त्यात थोडं मेण राहून गेलेलं असतं. खाली दिलेली इस्त्रीची रीत त्यालाही चालते.

## सांडल्या सांडल्या

आधी माणूस, मग कापड. हातावर मेण पडलं असेल तर ते ओरबाडू नका, हात नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. ज्योत विझवा, पोरांना बाजूला करा.

आणि कापडाला हात लावू नका. सगळ्यात अवघड पायरी हीच आहे, कारण पातळ मेण दिसलं की हात आपोआप पुसायला जातो. पातळ मेण पुसलं की ते विणीच्या आत दाबलं जातं आणि कडेने फैलावतं. कापड सपाट ठेवा, शक्य असेल तर डागाखाली एक जाड कागद सरकवा म्हणजे खालच्या गादीला लागणार नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जा.

दिवाळीत, डिसेंबरात मेण आपोआप कडक होतं. एप्रिल-मेमध्ये इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा खोलीतलं मेण कडक होतच नाही, नखाने दाबलं तर खड्डा पडतो. असं मऊ मेण खरवडू नका, त्याला थंड करा. रुमाल, अभ्रा, टेबलमॅट असं लहान कापड प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा. डाग वर राहील अशी घडी घाला, डागावर घडी नको. चादर किंवा पडदा असेल तर बर्फाचे खडे पिशवीत घट्ट बांधून ती पिशवी डागावर दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट कापडावर ठेवू नका. कापड ओलं झालं की पुढची इस्त्री नीट होत नाही.

## आधी कोरडं काढून घ्या

मेण पुरेसं थंड झालं आहे की नाही ते आवाजावरून कळतं. कापड दोन्ही हातांत धरून डागाजवळ हलकेच वाकवा. पापड मोडल्यासारखा बारीक कडकड आवाज आला आणि मेणाला भेगा पडल्या की तयार. आवाज न येता नुसतं वाकलं तर परत फ्रीझरमध्ये.

भेगा पडल्यावर मोठे तुकडे बोटांनीच उचलता येतात. उरलेल्यासाठी लोण्याची बोथट सुरी, जुनं एटीएम कार्ड किंवा लाकडी उलथण्याची कड घ्या. धारदार सुरी, ब्लेड, तारेची घासणी नको. कडेकडून मध्याकडे या आणि धाग्याच्या दिशेने चला, आडवं ओढू नका. टर्किशच्या टॉवेलवर तर खरवडूच नका, त्याचे फासे निघून येतात. तिथे मेण दोन बोटांत धरून चुरायचं आणि टॉवेल झटकायचा.

या पायरीला घाई करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. कोरडं जितकं निघेल तितकं पुढे वितळवावं लागत नाही. जाड थर तसाच ठेवून वर इस्त्री फिरवली तर कागद भरून जातो आणि मेण कडेने पळतं. तुकडे खाली वर्तमानपत्रावर गोळा करा, फरशीवर पडू देऊ नका. पायाखाली तुडवले गेले की तेच दुसऱ्या खोलीतल्या सतरंजीवर जातात.

## इस्त्री आणि खाकी कागद

आता जे राहिलं आहे ते विणीच्या आत आहे. नखाने निघणार नाही. त्याला वितळवायचं आणि वितळल्या क्षणी शोषून घेणारं काहीतरी शेजारी ठेवायचं.

कागद कुठला घ्यायचा यावर निम्मं काम अवलंबून आहे. सगळ्यात चांगला न छापलेला खाकी कागद, किराणाच्या पुड्याचा किंवा वह्यांना घालायच्या कव्हरचा, पण गुळगुळीत लेप नसलेला. टीपकागद मिळाला तर सोन्याहून पिवळं. खजूरी बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानांतून दोन्ही विचारून बघा. स्वयंपाकघरातला पेपर टॉवेल चालतो, जुन्या धोतराचा मऊ तुकडाही चालतो. बटर पेपर चालत नाही, तो काही शोषू नये म्हणूनच बनवलेला असतो. छापील वर्तमानपत्र तर अजिबात नको. शाई उष्णतेने सुटते आणि पांढऱ्या चादरीवर उलटी अक्षरं उमटतात. मग मेणाचा डाग परवडला असं होतं.

टेबलावर जुनी सुती चादर अंथरा. तिच्यावर कागदाचे दोन-तीन थर. त्यावर कापड, डागाची बाजू खाली तोंड करून. वर पुन्हा कागदाचा एक थर. इस्त्रीतलं पाणी काढून टाका आणि वाफेचं बटण बंद ठेवा, कारण ओला कागद मेण पीत नाही. आकडा सगळ्यात खाली, एका टिंबावर. एक टिंब म्हणजे इस्त्रीचा तळ सुमारे ११० अंश, दोन टिंबं १५०, तीन टिंबं २००. मेणाला पासष्ट पुरतात हे वर सांगितलंच आहे. जाड सुती चादरीला दोन टिंबांपर्यंत जायला हरकत नाही.

इस्त्री कागदावर टेकवा, पाच-सात सेकंद थांबा, उचला. फिरवू नका. फिरवली की वितळलेलं मेण इस्त्रीच्या टोकाबरोबर पुढे ढकललं जातं.

आता वरचा कागद उचलून खिडकीकडे धरा. मेण आलं असेल तिथे कागद पारदर्शक झालेला दिसतो, भज्यांच्या पुड्यावर तेल उतरावं तसा. पहिल्या खेपेला डागाचा हुबेहूब आकार उमटतो, कडा ठळक, मध्ये मेणाचा रंग. कागद सरकवून कोरी जागा डागावर आणा, खालचाही सरकवा, पुन्हा टेकवा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आकार फिकट होतो, मग तुटक ठिपके राहतात. मोठ्या डागाला आठ-दहा वेळा कागद बदलावा लागतो. तोच कागद वापरत राहिलात तर भरलेला कागद मेण परत कापडाला देतो. वहिनींच्या चादरीला परवा अकरा वेळा बदलला. त्या म्हणाल्या, "काकू, आता बास ना?" पण अकराव्या कागदावरही दोन ठिपके होते. बाराव्यावर काही नव्हतं, तेव्हा थांबलो.

कडेचा भाग आधी करा, मग मध्य, म्हणजे मेण बाहेर पसरत नाही. इस्त्रीच्या तळाला चुकून मेण लागलंच तर ती गरम असतानाच जाडसर सुती फडक्यावर चार वेळा फिरवा, नाहीतर पुढच्या शर्टावर डाग ठरलेला. आणि हे काम गल्लीतल्या प्रेसवाल्याकडे देऊ नका. कोळशाच्या इस्त्रीचा ताप आपल्या हातात नसतो, शिवाय घाईच्या वेळी बारा वेळा कागद बदलत बसणं त्याला शक्यही नाही.

वीज गेली असेल किंवा कापड इस्त्रीखाली घेता येत नसेल तर कागद लावून दुसऱ्या बाजूने गरम पाणी भरलेलं सपाट बुडाचं स्टीलचं भांडं टेकवलं तरी काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो आणि पाणी सारखं बदलावं लागतं.

## पांढऱ्या सुती कापडासाठी उकळतं पाणी

पांढरा किंवा पक्क्या रंगाचा सुती टेबलक्लॉथ, धोतर, पंचा, साधी चादर यांच्यासाठी भेरूगढची पद्धत घरी थोडी बदलून करता येते. रुंद तोंडाचं पातेलं मोरीत किंवा अंगणात जमिनीवर ठेवा. कापडाचा डागाचा भाग त्याच्या तोंडावर ताणून बसवा, डागाची बाजू खाली, आणि काठाभोवती नाडीने घट्ट बांधा. मग फुटभर उंचीवरून उकळतं पाणी बारीक धारेने थेट डागावर ओता. मेण वितळून पाण्याबरोबर खाली पातेल्यात पडतं. जायला जागा मिळाली की ते पसरत नाही.

पाणी खरंच उकळतं हवं, नुसतं कढत चालत नाही. भांडं सांडशीने धरा, पायात चप्पल असू द्या, पोरांना दाराबाहेर ठेवा. एकटीने करू नका. एकाने ओतायचं, दुसऱ्याने बघायचं.

रेशीम, लोकर, नायलॉन, पॉलिस्टर, जरीचं काही आणि ज्याचा रंग जातो असं कुठलंही कापड या वाटेला नेऊ नका. आपल्याकडची, धार जिल्ह्यातल्या बाघ गावची छापील चादर असेल तर आधी कोपऱ्यावर पाणी टाकून पांढऱ्या फडक्याने टिपून बघा. रंग उतरला तर इस्त्रीच बरी.

## मेण गेलं, डाग राहिला

इथे बरेच जण निराश होतात. मेण तर निघालं, पण जागा तेलकट आणि लालसर किंवा हिरवी दिसते. रंगीत, सुगंधी मेणबत्तीत मेणाशिवाय दोन गोष्टी असतात: अत्तराचं तेल आणि तेलात विरघळणारा रंग. कागदाने मेण प्यायलं, त्या दोन गोष्टी थोड्या मागे राहतात.

आधी खात्री करा की मेण खरंच संपलं आहे. डागावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा गोल बसून राहिला तर आत मेण आहे, परत इस्त्री. थेंब लगेच मुरला तर पुढे जा. मेण असताना साबण, ब्लीच काहीही लावलं तरी ते धाग्यापर्यंत पोचतच नाही.

तेलकटपणासाठी भांडी घासायचं द्रव साबण दोन-तीन थेंब, वर थेंबभर पाणी, बोटाच्या टोकाने हलकेच चोळा, दहा मिनिटं ठेवा, मग कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्याने धुवा. रंगासाठी औषधांच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट. डागाखाली पांढरं फडकं ठेवा, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये ओला करून टिपत राहा, घासू नका. खालच्या फडक्यावर रंग उतरताना दिसेल, फडकं सरकवत राहा. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब लावून बघा. अॅसिटेटच्या (रेशमासारखं दिसणारं एक कृत्रिम कापड) आणि कच्च्या रंगाच्या कापडावर स्पिरिट नको, आणि नखाचा रंग काढायचं रिमूव्हर अॅसिटेटवर कधीच नको, कापड विरघळतं.

स्पिरिट झटकन पेटतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, उदबत्ती बंद. स्पिरिट लावलेल्या जागी ती पूर्ण सुकल्याशिवाय इस्त्री टेकवू नका.

पांढऱ्या सुतीवर तरीही छटा राहिली तर ऑक्सिजनवालं ब्लीच डब्यावरच्या प्रमाणाने, आणि मग ऊन. पांढऱ्या कापडावर राहिलेली पुसट छटा उन्हात हळूहळू उतरते. पण मेण असताना उन्हात टाकू नका, मे महिन्यात तारेवरच वितळून खाली ओघळेल.

## रेशीम, जर आणि चंदेरी

इथे मी फार सावध असते, पदराची गोष्ट सांगितलीच आहे. माहेश्वरीत ताणा (उभा धागा) बहुधा रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो. दोन धाग्यांचं वागणं वेगळं: सूत गरम पाणी सोसतं, रेशमाची चमक जाते आणि ओलं असताना ते दुबळं होतं. चंदेरी इतकी झिरझिरीत की खरवडलं तर धागा सरकून जाळी पडते. काठाच्या जरीत धातूच्या तारा किंवा चमकता प्लास्टिकचा पत्रा असतो, त्याला उष्णता आणि घर्षण दोन्ही सोसत नाहीत.

म्हणून रेशमावर: फ्रीझर, मग बोटांनी चुरून झटकणं, खरवडणं नाही. इस्त्री एका टिंबावर, वर कागद आणि त्यावर मलमलीचा तुकडा, दोन-तीन सेकंदच. पाणी नाही, साबण नाही. जेवढं निघेल तेवढं निघू द्या. उरलेलं ड्रायक्लीनला द्या आणि देताना "इथे मेण सांडलं होतं, मोठं काढून घेतलं आहे" असं बोट ठेवून सांगा, चिठ्ठी टाचून द्या. ड्रायक्लीनच्या द्रावकात मेण विरघळतं, त्यामुळे कामाचा हा भाग त्यांच्याकडे खरंच चांगला होतो. पण डाग सांगितला नाही तर साडी नुसती वाफेवर प्रेस होऊन येते आणि मेण आणखी आत जातं.

डाग जरीवर असेल, किंवा पैठणी, शालू, आजीची नऊवारी असं परत न मिळणारं काही असेल, तर घरी फक्त थंड करून वरचे तुकडे उचला आणि बाकी काही करू नका. आईच्या साडीचं वर्तुळ ड्रायक्लीनमध्ये बरंच गेलं, पूर्ण नाही. पदर खांद्यावरून मागे टाकला की दिसत नाही, म्हणून मी ती अजून नेसते.

## गालिचा, सोफा, लोकर

गालिच्यावर बर्फाची पिशवी, चुरणं, व्हॅक्युम असेल तर व्हॅक्युम, नसेल तर कडक ब्रश. मग पांढरं सुती फडकं ठेवून मंद इस्त्री टेकवायची. कृत्रिम धाग्याच्या गालिच्यावर एका टिंबाच्या वर जाऊच नका, तंतू वितळून चकचकीत चट्टा पडतो आणि तो कायमचा. भीती वाटत असेल तर केस वाळवायचं ड्रायर आणि फडकं. मखमलीचा लोड किंवा पडदा असेल तर दाबू नका, केस बसतात. उलट बाजूने उष्णता द्या आणि पुढून फडकं नुसतं टेकवा.

रेक्झिन आणि चामड्याच्या सोफ्याला इस्त्री नाही. थंड करा, प्लास्टिकच्या कार्डाने सोडवा, ओलसर फडक्याने पुसा. लोकरीच्या शालीला कागद आणि मंद इस्त्री चालते, गरम पाणी आणि चोळणं चालत नाही, शाल आटते.

एक ओळखून ठेवा: मेणबत्तीच कलंडून ज्योत पडद्याला लागली असेल तर कडक, चकाकणारी जागा मेणाची नसते, वितळलेल्या पॉलिस्टरची असते. ती थंड केली तरी चुरत नाही. तिच्यावर वेळ घालवू नका.

## समईचं तेल आणि निरांजनाचं तूप

सोवळ्याला किंवा चौरंगावरच्या वस्त्राला समईचं तेल लागलं तर वरची इस्त्री लागू होत नाही. तेल आधीच पातळ आहे, उष्णतेने ते आणखी पसरतं. त्यावर लगेच टॅल्कम पावडर किंवा बेसन जाड थराने पसरून तासभर ठेवा, झटका, पुन्हा पसरा. मग द्रव साबण. तूप थिजलेलं असेल तर आधी चमच्याने उचला. तूप-तेल साबणाला ऐकतं, मेणापेक्षा लवकर जातं, फक्त धुण्याआधी वाळवू नका. जेलच्या पारदर्शक मेणबत्तीचं तसंच: ती मुख्यतः खनिज तेलाची असते, उचला, पावडर टाका, साबण लावा, इस्त्री नको.

रॉकेल, पेट्रोल, थिनर चोळण्याची जुनी सवय काही घरांत अजून आहे. कृपा करून नको. बंद खोलीत त्याची वाफ आणि जवळ इस्त्री, यातून आग लागते. आणि वास आठ धुण्यांतही जात नाही.

## निघालेलं मेण आणि मशीन

मेण पूर्ण निघाल्याशिवाय कापड वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. गरम धुलाईत वितळलेलं मेण पाणी निवताना दुसऱ्या कपड्यांवर आणि ड्रमच्या भोकांत बसतं, मग पुढचे चार धुणे पांढरे कण निघत राहतात.

उकळत्या पाण्याचं पातेलं बेसिनमध्ये किंवा मोरीच्या जाळीत ओतू नका. नळीत थोडं पुढे गेलं की मेण गोठतं आणि पाणी तुंबतं. पातेलं रात्रभर तसंच झाकून ठेवा. सकाळी वर पातळ चकती झालेली असते, ती झाऱ्याने सबंध उचलता येते. ती, खरवडलेले तुकडे आणि मेण प्यायलेले खाकी कागद एका पुडीत बांधून सुक्या कचऱ्यात, सकाळच्या गाडीत. कागद चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका, मेणाचा कागद एकदम भडकतो. पातेल्याच्या काठाला राहिलेलं मेण ते गरम असताना कागदाने पुसा, मगच घासणीला लावा.